वादकाच्या हाती कॅमेरा

कोलकात्याच्या पार्क स्ट्रीटवर 1960 ते 1975 या काळात सायंकाळ झाली म्हणजे ट्रिंकाज, ब्लू फॉक्स, मोकॅम्बो इत्यादी उपाहारगृहांतून पाश्चात्त्य धर्तीचे संगीत ऐकू येऊ लागे. ट्रिंकाजमध्ये 1969 पासून उषा अय्यर, म्हणजेच पुढे प्रसिद्धीस आलेल्या उषा उत्थुप, गात असत. ब्लू फॉक्समध्ये लुई बँक्स यांचा पियानो, पॅम क्रेन यांचे गायन आणि मूळचे गोव्याचे ब्राझ गोन्साल्विस यांचा सॅक्सोफोन यांचा मेळ पुढे जमला. याच शहरातील सियालदह येथे 1908 साली ग्रामोफोनच्या तबकड्यांचा भारतातील पहिला कारखाना निघाला व 1928 साली तो डमडम येथे गेला. असे असूनही उपाहारगृहांत वाजणाऱ्या या संगीताचा फारच थोडा अंश तबकड्यांवर उतरला. चित्रपटगीते, रवींद्रसंगीत व रागसंगीत यांना जसा ग्राहक होता, तसा तो या संगीताला नव्हता. रात्री वाजलेले संगीत बहुधा त्या रात्रीबरोबरच संपे.

असे संगीत पुढील पिढीसाठी कोणी व कसे राखावयाचे, हा प्रश्न केवळ कोलकात्याचा नाही. त्याला मिळालेल्या उत्तरांपैकी एक उत्तर विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. काही वादकांनी स्वतःच कॅमेरा हाती घेतला आणि वादनाच्या जोडीने अनुबोधपटकाराचा व्यवसाय पत्करला.

कोलकात्यात रॉक संगीत आणि चित्रपट या दोन्ही क्षेत्रांत वावरलेला कलावंत म्हणून गौतम चट्टोपाध्याय यांचे नाव प्रथम घ्यावे लागेल. प्रेसिडेन्सी कॉलेजचे हे विद्यार्थी नक्षलवादी चळवळीत ओढले गेले, त्यांनी तुरुंगवास भोगला व काही काळ त्यांना बंगालबाहेर राहावे लागले. परत आल्यावर 1975 च्या सुमारास त्यांनी ‘मोहीनेर घोडागुली’ हा बंगाली वाद्यवृंद उभा केला. ‘मोहीनचे घोडे’ असा अर्थ असलेले हे नाव जीवनानंद दास यांच्या कवितेतून घेतलेले होते. गौतम गात व गिटार वाजवीत. त्यांचे बंधू विश्वनाथ ड्रम व खर्जातील मोठे व्हायोलिन सांभाळीत. बाउल गाण्यांची धाटणी व रॉक यांचा त्यांनी घातलेला मेळ त्या काळच्या श्रोत्यांना फारसा रुचला नाही. 1977 ते 1979 या तीन वर्षांत तीन लहान तबकड्या निघाल्या व 1981 साली हा वृंद विखुरला.

गौतम त्यानंतर चित्रपटाकडे वळले. सापांचे खेळ करीत भटकणाऱ्या बेदे जमातीवरील त्यांच्या ‘नागमती’ (1983) या कथापटाला राष्ट्रीय पुरस्कार लाभला. मात्र येथे त्यांच्या कॅमेऱ्यापुढे आले ते दुसऱ्या समाजाचे जीवन. मोहीनेर घोडागुलीची कीर्ती पसरली ती निराळ्याच मार्गाने. 1995 च्या कोलकाता पुस्तक मेळ्यात ‘आबार बछर कुडि परे’ हा त्यांच्या संपादनाखालील गीतसंग्रह प्रसिद्ध झाला आणि नव्या पिढीने ही गाणी उचलून धरली. 1999 साली गौतम निवर्तले. 2006 सालच्या ‘गँगस्टर’ या हिंदी चित्रपटातील ‘भीगी भीगी’ हे गाणे अनेक मराठी वाचकांनी ऐकले असेल. त्याची चाल याच वृंदाच्या परंपरेतील आहे, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते.

येथे तबकडी व चित्रफीत यांच्यातील भेद स्पष्ट होतो. तबकडीमुळे गाणे टिकते. परंतु ते कोणत्या खोलीत, कोणत्या भांडणातून व कोणत्या थट्टेतून जन्मले, वादक एकमेकांकडे कसे पाहत होते, हे तबकडी सांगू शकत नाही. ते पाहावयाचे तर त्या वेळी तेथे कॅमेरा हवा, आणि तो परका वाटू नये अशा माणसाच्या हाती हवा.

‘द पोलिस’ या इंग्लंडमधील रॉक वृंदाचे अमेरिकन ड्रमवादक स्टुअर्ट कोपलंड यांच्या बाबतीत हा योग जुळून आला. हा वृंद 1977 साली स्थापन झाला. 1980 च्या मार्चमध्ये तो मुंबईसही येऊन गेला आणि होमी भाभा सभागृहात त्याचा कार्यक्रम झाला. वृंद नुकताच प्रसिद्धीस येत असताना कोपलंड यांनी सुपर-8 जातीचा कॅमेरा विकत घेतला आणि दौऱ्यांत ते सतत चित्रण करीत राहिले. या कॅमेऱ्यात 50 फूट फिल्मची डबी बसे. सेकंदास 18 चित्रे या वेगाने ती 3 मिनिटे 20 सेकंदांत संपे. म्हणजे एका डबीत जेमतेम एक गाणे मावावे. अशा डब्या साठत जाऊन त्यांच्याजवळ 50 तासांहून अधिक चित्रण जमा झाले. त्यातून सिद्ध झालेला ‘एव्हरीवन स्टेअर्स’ हा अनुबोधपट 2006 साली अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात दाखविण्यात आला. मधल्या काळात ‘रंबल फिश’ (1983) पासून त्यांनी चित्रपटांना संगीत देण्याचे कामही केले होते.

ड्रमवादकाची जागा या कामी दोन प्रकारे उपयोगी पडते. तो सर्वांच्या मागे बसतो; त्याला गायकाची पाठ, इतरांचे हात व समोरचा प्रेक्षक एकाच वेळी दिसतात. शिवाय त्याचे सारे शिक्षण कालमापनाचे असते. आघात कोठे द्यावा आणि कोठे जागा रिकामी सोडावी, हे त्याला क्षणोक्षणी ठरवावे लागते. चित्रपटाचा संकलकही दृश्य कोठे तोडावे व किती लांबवावे हेच ठरवीत असतो. कोपलंड यांनी आपल्या पटासाठी वृंदाच्या जुन्या गाण्यांचे तुकडे करून ते नव्याने जोडले, त्यातही हाच संस्कार दिसतो.

तथापि या जागेला मर्यादाही आहेत. गाणे चालू असताना ड्रमवादकाचे हात व पाय गुंतलेले असतात. त्यामुळे त्याच्या चित्रणात मोटारी, हॉटेलच्या खोल्या व रंगमंचामागील हालचाल यांनाच अधिक स्थान मिळते. दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. तो स्वतः त्या कथेतील एक पात्र असतो. सहकाऱ्यांशी झालेले मतभेद त्याने दाखवावयाचे ठरविले, तरी निवड त्याचीच राहते. असा पट हा संपूर्ण इतिहास नव्हे. आत वावरलेल्या एका माणसाची ती साक्ष आहे, आणि प्रेक्षकाने ती तशीच स्वीकारावयास हवी.

‘निर्वाणा’ या वृंदाचे ड्रमवादक डेव्ह ग्रोल यांनी यातून वेगळी वाट काढली. 1991 साली ज्या लॉस एंजेलिसच्या ध्वनिमुद्रणालयात त्यांच्या वृंदाचा ‘नेव्हरमाइंड’ हा संग्रह मुद्रित झाला, त्यावर त्यांनी ‘साउंड सिटी’ (2013) हा अनुबोधपट केला. तेथील जुने ध्वनिमिश्रण-यंत्र त्यांनी विकत घेतले आणि त्या यंत्रावर काम केलेल्या अनेकांना बोलते केले. स्वतःच्या कथेऐवजी वास्तूची कथा मध्यभागी आल्याने पटाला व्यापकता लाभली.

कोलकात्याला अशी साक्ष उशिरा का होईना मिळाली. न्यूयॉर्कस्थित सुशील कुरियन हे स्वतः गिटारवादक. त्यांनी 2011 च्या सुमारास ‘फाइंडिंग कार्लटन’ हा अनुबोधपट पूर्ण केला. त्याचे नायक कार्लटन किटो हे कोलकात्याचे जॅझ गिटारवादक. पार्क स्ट्रीटचे वैभव ओसरल्यावर अनेक वादक मुंबईस गेले. किटो मात्र तेथेच राहून वाजवीत व विद्यार्थ्यांना शिकवीत राहिले. पटात पॅम क्रेन यांच्यासारख्या जुन्या कलावंतांच्याही आठवणी आहेत. गिटारवादकाने गिटारवादकाला विचारलेले प्रश्न हे या पटाचे बळ आहे. स्वरजोडणीतील बारकावा कोठे आहे व हात कोठे थबकतो, हे विचारणाऱ्याला आधीच ठाऊक असते. पॅम क्रेन 2013 साली व किटो 2016 साली निधन पावले. हे काम आणखी पाच-सहा वर्षे लांबले असते, तर ते या स्वरूपात होऊच शकले नसते.

आज चित्रीकरणाचे साधन जवळजवळ प्रत्येक वादकाच्या खिशात आहे. तथापि चित्रण साठविणे म्हणजे अनुबोधपट करणे नव्हे. त्यातून निवड करावी लागते, प्रसंगांची तारीख व स्थळ नोंदवावे लागते, आणि जे वादक आज वृद्ध आहेत त्यांना वेळीच गाठावे लागते. कोलकात्यासारख्या दमट हवेच्या शहरात जुन्या फिती व फिल्म लवकर खराब होतात, हेही विसरून चालणार नाही. ज्या घरांतून त्या पेट्यांत पडून आहेत, तेथवर पोहोचण्याचे काम त्या वादकांच्या सहकाऱ्यांनाच सर्वांत सहज जमण्यासारखे आहे.