वाटाड्या विकत घेताना

गाडीत रस्ता दाखवणारं यंत्र बसवायचं तर ते दुकानातून घ्यावं की घरबसल्या ऑनलाइन मागवावं, असं मला अलीकडे बरेच जण विचारतात. मी काही या विषयातला जाणकार नाही. कविता लिहिणारा माणूस, पदवी कलाशाखेची. पण हे यंत्र मी दोन्ही ठिकाणांहून घेतलं आणि दोन्हीकडे थोडा थोडा शहाणा झालो, एवढाच माझा अधिकार.

सुरुवात झाली ती २०२३ च्या जुलैमधल्या एका रात्री. माझ्या आपाच्या छातीत दुखू लागलं. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी तपासलं आणि वेळ न घालवता कोल्हापूरला न्या म्हणाले. गाडी भाचा चालवत होता. तो पुण्यात वाढलेला. मी मागे आपाचा हात धरून बसलेला. पाली, नाणीज, साखरपा, मग आंबा घाट, हा रस्ता मला तोंडपाठ. पण त्या दिवसांत चौपदरीकरणासाठी रस्ता जागोजाग खणलेला, वाहतूक इकडून तिकडे वळवलेली, आणि वरून पाऊस असा की समोरची पाटीही दिसेना. भाच्याचा भरवसा मोबाइलवर. साखरप्याच्या आसपास मोबाइलची रेंज गेली आणि आम्ही देवरुखच्या रस्त्याला लागलो. ते कळायला आणि परतायला पाऊण तास गेला. आपा त्यातून बरी झाली. पण दवाखान्यात पोचल्यावर डॉक्टरांनी विचारलं, ‘एवढा वेळ कुठे लागला?’ या प्रश्नाचं उत्तर मला देता आलं नाही.

नंतर भाच्यानं एक गोष्ट सांगितली ती मला महत्त्वाची वाटते. तो म्हणाला, ‘मामू, रेंज गेली तरी निळा ठिपका चालतच होता. त्याच्याखालचा नकाशा तेवढा गेला होता. पडदा सगळा करडा.’

याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही. पुढे वाचून लागला. आपण ज्याला जीपीएस म्हणतो ती अमेरिकेनं उभारलेली उपग्रहांची व्यवस्था. पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर तिचे किमान २४ उपग्रह सतत फिरत असावे लागतात. प्रत्येकात अणुघड्याळ असतं आणि प्रत्येक जण एकसारखं सांगत असतो: मी अमुक आहे, तमुक जागी आहे, आणि आत्ता इतके वाजलेत. आपल्या गाडीतलं यंत्र हे फक्त ऐकतं. संदेश यायला किती वेळ लागला यावरून उपग्रह किती दूर आहे ते काढतं, आणि असे चार उपग्रह ऐकू आले की आपली जागा ठरवतं. यात मोबाइलच्या मनोऱ्याचा काही संबंध नाही. रेडिओला कसा आवाज येतो, रेडिओ परत काही पाठवत नाही, तसंच हे. पूर्वी अमेरिका सामान्य लोकांसाठी या संदेशात मुद्दाम चूक मिसळत असे; मे २००० मध्ये तिनं ते बंद केलं आणि मग ही यंत्रं गाडीत वापरण्याजोगी झाली. आता आपल्या इस्रोचीही ‘नाविक’ नावाची व्यवस्था आहे.

म्हणजे ‘मी कुठे आहे’ हे आकाशातून फुकट कळतं. ‘रस्ता कुठे आहे’ हे मात्र आकाशाला ठाऊक नाही. तो नकाशा कोणीतरी माणसं फिरवून, मोजून, बसून तयार केलेला असतो. फोन तो नकाशा इंटरनेटवरून तुकड्यातुकड्यानं ओढत असतो, म्हणून रेंजबरोबर तो जातो. गाडीच्या यंत्रात तो आधीच भरून ठेवलेला असतो. तेव्हा पैसे आपण मोजतो ते डब्याचे नव्हेत, नकाशाचे. आणि तो नकाशा चुकला तर जबाब कोण देणार, याचे.

हे शहाणपण अर्थात नंतरचं. त्या वेळी मी ऑनलाइन गेलो. नुसतं ‘जीपीएस’ शोधलं तर निम्म्या वस्तू भलत्याच निघाल्या. गाडी कुठे आहे हे मालकाला कळवणारा जो छोटा डबा टॅक्सी-बसला लावतात, त्यालाही आपल्याकडे जीपीएसच म्हणतात. तो रस्ता दाखवत नाही. दुकानात जाऊन ‘जीपीएस द्या’ म्हटलंत तरी हाच घोटाळा होतो. ‘नेव्हिगेशन’ हा शब्द वापरा, आणि पडदा आहे का ते विचारा.

शेवटी सात इंची पडद्याचं एक यंत्र साडेसहा हजारांना पसंत केलं. ‘आजीवन नकाशे मोफत’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं. खोकं आलं तेव्हा मी एका कविसंमेलनाला बाहेरगावी होतो. नवव्या दिवशी घरी येऊन उघडलं, अंगणात गाडीत लावलं. उपग्रह सापडले. आमचं घर म्हणून एक बाण पांढऱ्याशुभ्र पडद्यावर उभा राहिला. ना रस्ता, ना गाव, ना समुद्र. भाच्यानं यंत्र उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाला, ‘मामू, पॅरिसला जायचं असेल तर सांगा.’ आत नकाशे होते ते युरोपचे आणि अमेरिकेचे.

परत करायची मुदत सात दिवसांची होती. ती मी कविता वाचण्यात घालवली होती. विकणाऱ्याला लिहिलं, उत्तर नाही. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन केला. तिथल्या मुलीनं शांतपणे तक्रार लिहून घेतली, क्रमांक दिला. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे विकणाऱ्याचं नाव, पत्ता, परत घेण्याच्या अटी, माल आयात केलेला असेल तर तो कोणत्या देशातला, हे सगळं संकेतस्थळावर दिसलं पाहिजे. तक्रार मिळाल्याचं ४८ तासांत कळवलं पाहिजे आणि महिन्याभरात ती सोडवली पाहिजे. मला तीन आठवड्यांत पैसे परत मिळाले. मिळाले हे खरं. पण मधल्या काळात सदोष वस्तूचे फोटो काढ, पावती जोड, पुन्हा पाठव, असं जे चाललं ते माझ्यासारख्याला भाचा नसता तर जमलं नसतं. तेव्हा ऑनलाइन मागवणार असाल तर खोकं आलं त्याच दिवशी उघडा आणि उघडताना मोबाइलवर चित्रीकरण करा. नकाशा भारताचा आहे का, हे विकत घेण्याआधी लेखी विचारा. आणि कोणी जुनं वापरलेलं यंत्र स्वस्तात देत असेल तर जास्तच जपा. उपग्रह आठवडे मोजतात ते १,०२४ पर्यंत, की पुन्हा शून्यापासून. असा काटा ६ एप्रिल २०१९ रोजी फिरला आणि काही जुन्या यंत्रांची तारीख-वेळ बिघडली. त्यातली काही अजून विक्रीला येतात.

मग मी गावातल्या कार डेकोरवाल्याकडे गेलो. साधं रस्ता दाखवणारं यंत्र त्याच्याकडे नव्हतंच. २०१० च्या आगेमागे मॅपमायइंडिया, गार्मिन यांची यंत्रं शहरांतल्या दुकानांतून दिसत. फोन हुशार झाले तशी ती मागे पडली. आता स्टिरिओच्या जागी बसणारा मोठा पडदा मिळतो, त्यातच गाणी, त्यातच नकाशा. त्यानं अकरा हजार सांगितले. तोच पडदा ऑनलाइन दोन हजारांनी स्वस्त दिसत होता, हे मी त्याला दाखवलं. तो रागावला नाही. म्हणाला, ‘भाई, तो तुमच्या घरी येऊन बसवणार आहे का?’

मी त्याला आधी गाडीत बसून नकाशा उघडायला लावला. इंटरनेट बंद करून साखरपा शोधायला सांगितलं. साखरपा सापडलं. बसवताना तारा कापायच्या नाहीत, गाडीच्या मूळ सॉकेटलाच जोडायचं, हे भाच्यानं बजावून ठेवलं होतं. तारा कापल्या तर गाडीची कंपनी वायरिंगच्या हमीतून अंग काढून घेऊ शकते. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की बाण जागचा हलायला फार वेळ घेतोय. दुकानात गेलो. पोऱ्यानं अँटेना पत्र्याच्या मागे चिकटवला होता. तो काढून काचेखाली आणला. पाच मिनिटांचं काम, पैसे नाहीत. ऑनलाइनच्या दोन हजारांचा हिशेब माझ्यापुरता तिथे फिटला.

पण दुकानदार म्हणजे संत नव्हे. बिल मागितलं तर म्हणाला, ‘बिल कशाला? आपली ओळख आहे.’ ओळखीवर मी लग्नाला जातो, हमी कागदावर घेतो. बिल मिळालं, आणि त्याच्या खाली छापलेलं: विकलेला माल परत घेतला जाणार नाही. मंडळी, सदोष मालाच्या बाबतीत या ओळीला कायद्यात किंमत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणं ही अनुचित प्रथा आहे. बिलच न देणं हीदेखील. आणि वाद झालाच तर तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे करता येते, विकणारा दिल्लीचा असला तरी. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्कही नाही.

एक गोष्ट मात्र ना त्या संकेतस्थळावर कोणी सांगितली, ना दुकानदारानं. २०२४ मध्ये मुंबईला जाताना आम्ही कशेडीच्या नव्या बोगद्यातून गेलो. बोगद्यात उपग्रह ऐकू येत नाहीत, तेवढं ठीक. पण बाहेर आल्यावरही यंत्र सांगत होतं की गाडी रस्ता सोडून डोंगरात आहे. त्याच्या पोटातला नकाशा बोगद्याच्या आधीचा होता. त्याला फक्त जुना घाट माहीत. आम्ही हसलो. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरच्या तुटलेल्या पुलावरून गाडी खाली कोसळून तीन जण गेले. पुलाचा पुढचा भाग पुरात वाहून गेलेला, आणि ते फोनवरच्या नकाशाच्या भरवशावर निघाले होते, अशी बातमी होती. ती वाचल्यावर मला कशेडीचं हसू आठवलं आणि बरं वाटलं नाही. तेव्हा घेताना, कुठूनही घ्या, इतकं विचारा: नकाशा कोणत्या वर्षाचा, पुढचा कोण देणार, किती दिवस फुकट. उत्तर आलं नाही तर खाली ठेवा.

आणि खरं सांगू? ज्याच्याकडे बरा फोन आहे त्यानं आधी हे काहीच घेऊ नये. फोनमध्येही घरच्या इंटरनेटवरून आपल्या भागाचा नकाशा उतरवून ठेवता येतो. मग रेंज गेली तरी तो राहतो. फक्त पुढे वाहतूक तुंबली आहे का ते कळत नाही. त्या रात्री आमच्या फोनमध्ये तो उतरवलेला असता तर एक पैसा लागला नसता. फोन हातात धरायचा नाही, स्टँडवर लावायचा. २०२० मध्ये दुरुस्त झालेल्या नियमांत गाडी चालवताना फोनला मुभा आहे ती फक्त रस्ता पाहण्यापुरती, तीही लक्ष विचलित न होता. ज्यांना रोज घाटात गाडी हाकायची आहे, फोन तापून बंद पडतो, किंवा पडदा मोठा हवा आहे, त्यांनी यंत्र घ्यावं. बसवायचं असेल तर दुकानातून. नुसतं काचेला चिकटवायचं असेल आणि घरात एखादा भाचा असेल, तर ऑनलाइन.

माझा पडदा अजून गाडीत आहे. भाचा बकरीदला पुण्याहून आला की आधी त्यातला नकाशा ताजा करतो, मग जेवायला बसतो. आपा दारातून ओरडते, बिर्याणी थंड होतेय.