डेकच्या पायऱ्या : आधी भागाकार, मग फळी

अमेरिकेत परसातल्या डेकला कंपोझिटच्या, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक यांच्या फळीच्या, पायऱ्या करताना चर्चा रंगते ती फळीच्या रंगावर. खरा निर्णय मात्र उंचीच्या भागाकारात असतो. तिथल्या नमुना निवासी बांधकाम संहितेनुसार पायरी ७.७५ इंचांहून उंच नको आणि एकाच जिन्यातल्या पायऱ्यांच्या उंचीत ३/८ इंचाहून अधिक फरक नको. म्हणून ३५ इंच उंच डेकला ७ इंचांचे ५ टप्पे. पण १ इंच जाडीची फळी बसली की सर्वांत खालचा टप्पा ८ इंचांचा होतो आणि वरचा ६ इंचांचा! पायऱ्या पेलणाऱ्या तिरप्या लाकडाचा, म्हणजे स्ट्रिंगरचा, तळ तेवढा १ इंच कापलाच पाहिजे.

कंपोझिटच्या पायऱ्यांना स्ट्रिंगरही जास्त लागतात. कंपोझिट कुजत नाही, मग जास्तीचे स्ट्रिंगर कशाला, असा आक्षेप येतो. पण न कुजणे वेगळे आणि न वाकणे वेगळे. ही फळी अस्सल लाकडापेक्षा जास्त लवते, उन्हात तापली की अधिकच. म्हणून डेकखाली १६ इंचांवर चालणारा आधार पायरीखाली बहुतेक उत्पादक १२ इंचांवर किंवा त्याहून जवळ मागतात. खर्च वाढतो, हे खरेच; पण उतरताना सगळा भार एका पावलावर, तोही फळीच्या कडेशी येतो. तिथे फळी लचकली, तर आधी तोल जातो तो घरातल्या वयस्कर माणसाचा.