अंबाबरवा : मेळघाटचा उंबरठा

बुलडाणा जिल्हा म्हटले की शेगाव, लोणार आणि सिंदखेडराजा ही नावे प्रथम ओठांवर येतात. जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, संग्रामपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी पसरलेले अंबाबरवा अभयारण्य मात्र फारसे कुणाच्या लक्षात येत नाही. सुमारे १२७ चौरस किलोमीटरचे हे जंगल १९९७ मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाले. शेजारच्या नरनाळा आणि वान अभयारण्यांसह ते आज मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे.

साग, सालई, धावडा, ऐन, तेंदू आणि मोह ही येथील शुष्क पानझडी वनाची मुख्य झाडे. वाघ, बिबट्या, अस्वल, रानकुत्रे, सांबर, भेकर, चौसिंगा यांचा येथे वावर आहे. परंतु अंबाबरव्याचे महत्त्व केवळ या यादीत नाही. वयात आलेल्या वाघाला जन्मस्थान सोडून स्वतःचा प्रदेश शोधावा लागतो. मेळघाटात वाढलेल्या वाघांना पश्चिमेकडे सरकण्यासाठी हा पायथ्याचा पट्टा वाट करून देतो. ही वाट तुटली, तर आतले जंगल कितीही सुरक्षित असले तरी ते बेटासारखे एकाकी होईल.

वाघ किती दूर जाऊ शकतो, हे बुलडाणेकरांनी पाहिले आहे. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यात २०१९ च्या फेब्रुवारीत रेडिओ कॉलर लावलेला एक तरुण वाघ महाराष्ट्र आणि तेलंगणातील शेते, नाले व रस्ते ओलांडत तेराशे किलोमीटरहून अधिक अंतर चालला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये अजिंठा डोंगररांगेतील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. ज्ञानगंगा हेही बुलडाणा जिल्ह्यातलेच. मात्र सातपुडा आणि अजिंठ्याची रांग यांच्यामध्ये पूर्णा खोऱ्याची शेतीने व्यापलेली सपाटी आहे. त्यामुळे सातपुड्याच्या कुशीतली सलगता टिकवणे अधिकच निकडीचे ठरते.

धोका काठावरचा

पायथ्याच्या जंगलावरचे बहुतेक संकट त्याच्या काठावरून येते. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवला जातो. तेंदूला नवी पालवी फुटावी, यासाठीही आग लावण्याची पद्धत आहे. उन्हाळ्यात सुकलेल्या गवतातून ही आग क्षणात डोंगर चढते आणि नवी रोपे व जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांची घरटी भस्मसात करते. अतिचराईने गवत संपले की हरीणवर्गीय प्राणी पिकांकडे वळतात आणि त्यांच्यामागे बिबट्या गावाजवळ येतो. डिंकासाठी सालई-धावड्यावर घातलेले खोल घाव झाडाचे आयुष्य घटवतात. पिकाच्या रक्षणासाठी कुंपणात सोडलेला वीजप्रवाह रानडुकराप्रमाणेच वाघाचा आणि माणसाचाही जीव घेऊ शकतो.

शिकारीचे संकट वेगळे. २०१३ मध्ये मेळघाटातील वाघांच्या शिकारीची प्रकरणे उघडकीस आली, तेव्हा परराज्यांतील सराईत टोळ्यांचा हात दिसून आला. त्यानंतर तपासासाठी तेथे स्वतंत्र सायबर कक्ष उभा राहिला. अकोला-खंडवा रेल्वेमार्गाच्या रुंदीकरणाचा वादही याच परिसराशी निगडित आहे. जुना मीटरगेज मार्ग व्याघ्र प्रकल्पातून जात होता. तोच रुंद केल्यास अधिवास दुभंगेल, म्हणून तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी २०२१ मध्ये केंद्राकडे पर्यायी मार्गाचा आग्रह धरला. हा पर्याय जंगल टाळून बुलडाणा जिल्ह्यातील गावांजवळून जाणारा होता. वन्यजीव वाचावेत आणि पायथ्याच्या गावांना रेल्वेही मिळावी, अशी ही मांडणी होती.

पाण्याचा प्रश्न

जंगल टिकण्यात खालच्या गावांचाही थेट स्वार्थ आहे. सातपुड्यालगत दगडगोटे आणि वाळूचा एक सच्छिद्र पट्टा आहे. भूजलशास्त्रात त्याला बझाडा म्हणतात. डोंगरावरून येणारे पाणी येथे झपाट्याने जमिनीत मुरते. याच्या दक्षिणेला पूर्णा खोऱ्यातील खारपाण पट्टा सुरू होतो. तेथील विहिरींचे पाणी खारट असून संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांतील गावांत मूत्रपिंडाच्या विकारांच्या तक्रारी वर्षानुवर्षे होत आल्या आहेत. डोंगर उघडा पडला, तर पाऊस मुरण्याऐवजी माती घेऊन वाहून जाईल आणि गोड्या पाण्याचा आधार आणखी आटेल.

म्हणूनच केवळ पहारा वाढवून हा प्रश्न सुटणार नाही. कोरकू, निहाल, भिलाला आदी आदिवासींचा उदरनिर्वाह मोह, तेंदू आणि डिंकावर अवलंबून आहे. न जाळता मोह वेचण्यासाठी झाडाखाली जाळी अंथरणे, पीकनुकसानीची भरपाई वेळेवर मिळणे, पुनर्वसित कुटुंबांना कसायला खरीखुरी जमीन आणि पाणी मिळणे, या गोष्टी वनरक्षकाच्या काठीइतक्याच महत्त्वाच्या आहेत. २००८ पासून कुटुंबामागे दहा लाख रुपये असलेले पुनर्वसनाचे साहाय्य २०२१ मध्ये पंधरा लाख झाले. तथापि जंगल सोडणाऱ्या माणसाला पैशाइतकीच उपजीविकेची हमी हवी असते. ती मिळाली नाही, तर तो पुन्हा जंगलाकडेच वळेल. मेळघाटचा हा उंबरठा शाबूत राहायचा, तर त्याच्या अलीकडे राहणाऱ्यांचे घरही सावरावे लागेल.