कॅल्शियमची शंभर वर्षं

लंडनचे डॉक्टर सिडनी रिंगर बेडकाचं हृदय शरीराबाहेर काढून मिठाच्या द्रावणावर धडधडतं ठेवण्याचे प्रयोग करत होते. रक्तातले कोणते क्षार हृदयाला लागतात, हे त्यांना पाहायचं होतं. १८८२ मध्ये त्यांचे निष्कर्ष छापून आले आणि नंतर लक्षात आलं, की द्रावण ऊर्ध्वपातित पाण्यात केलेलंच नव्हतं. न्यू रिव्हर वॉटर कंपनीचं नळाचं पाणी त्यात वापरलं गेलं होतं. शुद्ध पाणी घेऊन प्रयोग पुन्हा केला, तर ठोके क्षीण होत होत हृदय थांबलं. इतके दिवस ते चाललं होतं नळाच्या पाण्यातल्या कॅल्शियमवर! १८८३ मध्ये रिंगर यांनी हे सारं, पाणी पुरवणाऱ्या कंपनीच्या नावासकट, स्वतःच प्रसिद्ध केलं. विज्ञानातला इतका प्रांजळ लेख मला दुसरा आठवत नाही. अतिसाराने गळून गेलेल्या रुग्णाला आपल्याकडे लावतात त्या 'आरएल' सलाईनमधला 'आर' म्हणजे हेच रिंगर.

एवढा ठळक पुरावा हाती असूनही पुढची साठेक वर्षं कॅल्शियमकडे फारसं कुणी वळलं नाही. याला कारण होतं. बेडकाच्या पायाचा स्नायू बाहेरचं कॅल्शियम काढून घेतलं तरी काही काळ आकुंचन पावत राहतो, कारण त्याच्या पेशीत स्वतःचा पुरेसा साठा असतो. हृदयाचं तसं नाही. प्रत्येक ठोक्याला थोडं कॅल्शियम बाहेरून आत यावं लागतं आणि त्याच्या इशाऱ्यावर आतला साठा उघडतो. पण त्या काळी स्नायूचा अभ्यास म्हणजे बेडकाचा पाय. जे पायात दिसलं नाही, ते महत्त्वाचं मानलं गेलं नाही.

मधल्या काळात स्टार्लिंग यांनी ताणलेलं हृदय अधिक जोराने आकुंचन पावतं हे दाखवलं. दुसरं महायुद्ध चालू असताना हंगेरीत सेगेड इथे सेंट-ग्यॉर्गी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ॲक्टिन व मायोसिन ही दोन वेगळी प्रथिनं असल्याचं ओळखलं. १९५४ मध्ये, एकमेकांशी कसलंही नातं नसलेल्या दोन हक्सलींनी 'नेचर'च्या एकाच अंकात ही प्रथिनांची सूत्रं एकमेकांवरून सरकतात असं मांडलं. प्रश्न उरला तो कळ कोण दाबतं याचा.

उत्तर तोक्योहून आलं. सेत्सुरो एबाशी यांनी १९६५ च्या सुमारास ट्रॉपोनिन वेगळं काढलं. विश्रांतीत हे प्रथिन, सोबतच्या ट्रोपोमायोसिनच्या मदतीने, ॲक्टिनवरची जागा अडवून ठेवतं. कॅल्शियम येऊन चिकटलं की अडसर सरकतो आणि मायोसिनला पकड मिळते. पेशीच्या आत विश्रांतीच्या वेळी असलेलं मोकळं कॅल्शियम बाहेरच्यापेक्षा सुमारे दहा हजार पट कमी असतं, म्हणून थोडंसं आत आलं तरी इशारा स्पष्ट उमटतो. ते पुन्हा उपसून काढलं की हृदय सैल पडतं आणि रक्ताने भरतं. छातीत कळ आलेल्या माणसाच्या रक्तात आज तपासतात ते हेच ट्रॉपोनिन, मेलेल्या हृदयपेशींतून सांडलेलं.

इथवरची कहाणी पाठ्यपुस्तकं चांगली सांगतात. रक्तवाहिन्या, आतडी, गर्भाशय, श्वासनलिका यांच्या भिंतींतल्या अपट्टकी, म्हणजे पट्टे नसलेल्या, स्नायूंची कहाणी मात्र घाईने उरकली जाते. अन्याय आहे हा. हे स्नायू मंद, लहान पेशींचे, मापायला अवघड आणि कुणी न सांगताही आपसूक हलणारे, त्यामुळे संशोधक त्यांच्या वाटेला जात नसत. एडिथ ब्युलब्रिंग गेल्या. आई ज्यू असल्यामुळे १९३३ मध्ये जर्मनीतली नोकरी गेलेली ही डॉक्टर इंग्लंडला आली आणि पुढे ऑक्सफर्डमध्ये तिने आयुष्य या दुर्लक्षित स्नायूला वाहिलं. १९५० च्या दशकात त्यांनी गिनीपिगच्या मोठ्या आतड्यावरच्या स्नायूपट्टीतल्या एकेका पेशीत काचेचा सूक्ष्म विद्युतअग्र घातला. अग्र सारखा निसटायचा, पेशी हलायच्या. तरीही त्यांनी दाखवलं, की या पेशींचा विद्युतदाब कधी स्थिर नसतो, आणि स्नायू ताणला की तो बदलतो, विद्युतस्पंदनं वाढतात, आकुंचन चढतं. जेवण पुढे सरकलं की आतडं का आवळतं, याचं उत्तर त्या एका आलेखात होतं.

पण अपट्टकी स्नायूत ट्रॉपोनिन नाही! मग कॅल्शियम कुणाशी बोलतं? १९७० च्या दशकात यावर मोठा वाद झाला. खुद्द एबाशी यांचा कल ॲक्टिनवरच्या दुसऱ्या एका प्रथिनाकडे होता. त्याला त्यांनी लिओटोनिन म्हटलं. पुरावा साचत गेला तो दुसऱ्या बाजूने. कॅल्शियम कॅल्मोड्युलिनला जाऊन मिळतं, ती जोडी एका विकराला जागं करते आणि तो विकर मायोसिनवरच फॉस्फेट बसवतो. हृदयात अडसर ॲक्टिनवर, इथे चावी मायोसिनला. म्हणून हा स्नायू सावकाश आवळतो. आणि १९८१ मध्ये रिचर्ड मर्फी यांच्या गटाने दाखवलं, की फॉस्फेट बरंचसं उतरल्यावरही धमनी कडी घातल्यासारखी आवळलेली राहते, तीही फार थोड्या ऊर्जेत. दिवसरात्र रक्तदाब सांभाळणाऱ्या भिंतीला हेच परवडतं.

त्याच सुमाराला या कहाणीत मुंबई येते. मुलुंडच्या हेक्स्ट संशोधन केंद्रात औषधी वनस्पतींची पद्धतशीर छाननी चालू होती. कोलियस या तुळशीच्या कुळातल्या वनस्पतीच्या मुळांतून तिथे फोरस्कोलिन हे द्रव्य वेगळं काढलं गेलं आणि १९७७ मध्ये ते प्रसिद्ध झालं. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेतही याच वनस्पतीवर काम चाललं होतं. फोरस्कोलिनचं वागणं विलक्षण होतं: हृदय जोराने आकुंचन पावे आणि रक्तवाहिन्या मात्र सैल पडत. १९८१ मध्ये अमेरिकेतल्या सीमन आणि डेली यांनी कारण दाखवलं. हे द्रव्य पेशीत सायक्लिक एएमपी हा निरोप्या रेणू वाढवतं. हृदयात त्यामुळे कॅल्शियम जास्त येतं आणि झटपट साठ्यात परतही जातं, म्हणून ठोका जोमदार होतो. धमनीच्या भिंतीत कॅल्शियम उतरतं, मायोसिनवर फॉस्फेट बसवणारा विकर मंदावतो आणि भिंत ढिली होते. निरोप एकच, पण दोन स्नायूंनी तो उलट वाचला, कारण त्यांच्या कुलपांची रचनाच वेगळी. शंभर वर्षांच्या वादाची इतकी स्वच्छ परीक्षा दुसरी झाली नसेल.

जगभरच्या प्रयोगशाळांत फोरस्कोलिन आजही रोजच्या वापरात आहे आणि त्याच्यापासून केलेलं कोलफोर्सिन जपानमध्ये हृदय अचानक दुबळं पडलेल्या रुग्णांना दिलं गेलं. आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांत रिंगर यांच्या नळाची गोष्ट सांगितली जाते. शिकवणाऱ्यांना विनंती आहे, त्याच तासाला मुलुंडचीही सांगा.