रिओ २०१६ : डास, तळे आणि नाशिकचे दोघे

स्पर्धा : ऑलिंपिक, ५ ते २१ ऑगस्ट २०१६, रिओ दी जानेरो. दक्षिण अमेरिकेतले पहिलेच.

झिका : स्पर्धेवर सावट धरलेला, एडिस डासामार्फत पसरणारा विषाणू. डेंगी पसरवणारा डासही हाच. लक्षणे बहुधा सौम्य; खरा धोका गर्भाला, बाळाचे डोके लहान राहू शकते. जागतिक आरोग्य संघटनेची आणीबाणी १ फेब्रुवारी ते १८ नोव्हेंबर २०१६. ऑगस्टमध्ये तिकडे हिवाळा, त्यामुळे डास कमी. खेळाडूंमध्ये खात्रीशीर लागण नोंदली गेली नाही.

पाणी : नौकानयन रॉड्रिगो द फ्रेटास तळ्यात; चिंता अस्वच्छ पाण्याची. २०१५च्या जागतिक ज्युनिअर स्पर्धेत इथेच अमेरिकेच्या १३ नौकापटूंची पोटे बिघडली.

नाशिककर : याच तळ्यात तळेगाव रोहीचा (ता. चांदवड) दत्तू भोकनळ नौकानयनाच्या एकेरी स्कल्स प्रकारात १३वा. सावरपाड्याची कविता राऊत मॅरेथॉनमध्ये.