गाडीतल्या भेंड्या

बेळगावहून निपाणी सुमारे पाऊणशे किलोमीटर. पुणे-बंगळूर महामार्ग चौपदरी झाल्यापासून हा प्रवास फार तर दीड तासाचा. तरीही मागच्या आसनावर चार समवयस्क मुले बसली, की काकती मागे पडण्यापूर्वीच कंटाळा गाडीत शिरतो आणि मोबाइल बाहेर निघतात. त्यांवर जे चालते ते बहुधा ना मराठी असते, ना कानडी. अशा वेळी आम्ही भेंड्या काढतो. या खेळाला साहित्य लागत नाही. शब्द तेवढे लागतात, आणि पंचाईत नेमकी तिथेच आहे.

खेळ जुनाच. वात्स्यायनाने दिलेल्या चौसष्ट कलांच्या यादीत अंत्याक्षरी 'प्रतिमाला' या नावाने आहे, कोडी आहेत, जीभ अडखळवणारी वाक्ये आहेत. इतकेच काय, आपल्या मुलांच्या 'च'च्या भाषेची पूर्वज शोभेल अशी गुप्त बोलीही आहे. (या भाषेत निपाणीचे 'चपाणीनि' होते.)

गाण्याच्या भेंड्यांत हल्ली मराठी गाणी दोन फेऱ्यांत संपतात, म्हणून आम्हांला गावांच्या भेंड्या अधिक पसंत. बेळगावचा 'व'. सरकारी दप्तरी १ नोव्हेंबर २०१४ पासून 'बेळगावी' झाले, पण अक्षर 'व'च राहिल्याने खेळात तरी तंटा नाही! 'व'वरून वेंगुर्ले, 'ल'वरून लोंढा. 'ढ' आला म्हणजे भलेभले अडतात आणि भेंडी चढते. फोंड्याजवळचे ढवळी ज्याला ठाऊक, तो सुटला. पुढच्याच्या गळ्यात 'ळ' पडला. 'ळ' आणि 'ण' ही अक्षरे मराठी शब्दाच्या आरंभी येत नाहीत, म्हणून 'ळ'साठी 'ल' आणि 'ण'साठी 'न' घ्यावा असा रूढ नियम. निपाणीवर नंदगड म्हणावे. मात्र एकदा शब्दांच्या भेंड्यांत आमच्या स्नेह्यांच्या मुलीने 'न कशाला? ण-च द्या' असे बजावून 'णमोकार' हा शब्द पुढे ठेवला. घर जैन, स्तवनिधीला नित्य जाणारे. नियम तिथे हरला.

खरा वाद कानडी शब्दांचा. आमच्याकडची पुष्कळ मुले कानडी किंवा इंग्रजीतून शिकतात. 'न' आला की तोंडून 'नायि' निघते. वडीलधारी मंडळी तो शब्द तत्काळ बाद ठरवतात. आम्हांला हे मान्य नाही. दोनदा बाद झालेले मूल तिसऱ्यांदा बोलतच नाही, खिडकीबाहेर पाहत बसते. आमचा नियम असा, की कानडी शब्द चालेल, परंतु त्याचा मराठी प्रतिशब्द त्याच दमात सांगितला पाहिजे. न आल्यास तो आजी सांगेल आणि गुण आजीला मिळेल. आजीला गुण मिळू लागले, की मुलांची स्मरणशक्ती आश्चर्यकारक रीतीने सुधारते.

यातूनच दुसरा खेळ निघाला. 'मने' म्हणजे मराठीत अंतःकरणे, कानडीत घर. 'बाळे' आपली तान्ही; कानडीत तीच केळ. आपले 'हाल' पलीकडे 'हालु' होऊन दूध होतात. तूप तिकडे 'तुप्प', आणि अक्का तर दोन्ही घरी एकच. बडोद्याच्या वाचकांनी गुजराती आणि इंदूरकरांनी हिंदी शब्द घालून हा खेळ अवश्य करून पाहावा.

उखाणेही सोडू नयेत. उखाणा म्हणजे मुळात कोडेच. गुजरातीत 'उखाणुं'चा अर्थ अजून तोच आहे. कानडीत त्याला 'ओगटु' म्हणतात, गोव्यात 'हुमाण'. उखाणे बाहेर दिसेल त्यावर नवे रचावेत. संकेश्वरच्या शिवारात एकाने घातलेला: 'दोन राज्यांत उभा, दोन्हीकडे गोड, अंगाला मात्र गाठी.' उत्तर, ऊस.

गाडी चालवणाऱ्याला खेळात घेऊ नये. त्याला पंच करावे, आणि तवंदी घाटात पंचासह सर्वांनी गप्प बसावे. घाट उतरल्यावर अडलेले अक्षर कोणाचे होते, हे भांडण निपाणी येईपर्यंत सहज पुरते.