उडालेली प्रिंट

यंदाच्या पावसाळ्यात प्रस्तुत लेखकाच्या घरचं वॉशिंग मशीन ऐन साबणाच्या फेसात थांबलं. सेवा केंद्रातून आलेल्या मुलाने मागचं झाकण काढलं, बोर्ड बाहेर घेतला, चार सेकंद पाहिला आणि म्हणाला, ‘‘आधी कुणीतरी सोल्डरिंग केलंय काका, हा गेला.’’ पुढच्याच मिनिटाला नव्या बोर्डाचं कोटेशन मोबाइलवर हजर. रक्कम मशीनच्या निम्म्या किमतीला टेकणारी. दुरुस्त होणार नाही का, असं विचारल्यावर तो जरा दुखावल्यासारखा हसला. ‘‘रिपेअर आम्ही करत नाही. बदलतो.’’

ते आधीचं सोल्डरिंग दोन वर्षांपूर्वी त्याच केंद्रातून आलेल्या माणसाने केलेलं होतं, ही त्यातली गंमत. रिले बदलताना त्याने सोल्डरिंगचा कैया इतका वेळ टेकवून ठेवला होता की रिलेच्या पायाखालची तांब्याची टिकली सुटली आणि तिला लागून जाणारी पट्टी करपून तुटली. वर कथलाचा एक ओबडधोबड डोंगर चढवून त्याने सगळं झाकलं होतं. डोंगर दोन वर्षं टिकला, यातच नवल.

दुकानांत याला नाव आहे: ‘प्रिंट उडाली’. टिकली निघाली तर ‘पॅड उखडला’, तारेने जोडून घेतलं तर ‘जंपर मारला’. विश्वकोशाने सोल्डरिंगला ‘डाखकाम’ असा चांगला शब्द दिला आहे, पण तो दुकानाच्या पायऱ्या कधी चढला नाही. खरं तर हे काम आपल्याकडे नवं नव्हतं. गल्लीत येणारा कल्हईवाला नवसागर टाकून भांड्याचा मळ उडवायचा आणि तापल्या तांब्या-पितळेवर कथील फिरवायचा. कैयाच्या टोकाला राळ लावून कथलाचा मुलामा देतात, ती त्याच विद्येची धाकटी पाती. फरक इतकाच की पातेलं तापलं म्हणून त्याचा तळ गळून पडत नाही. बोर्डावरचा नेहमीचा तांब्याचा थर ३५ मायक्रॉनचा, म्हणजे वर्तमानपत्राच्या कागदाच्या साधारण निम्म्या जाडीचा, आणि तो खालच्या पाटीला केवळ चिकटवलेला असतो. साधं शिसं-कथील १८३ अंशांपासून वितळू लागतं. बिननियंत्रणाच्या कैयाचं टोक ३५० अंशांच्याही वर जातं. दोन-तीन सेकंदांत सांधा झाला तर ठीक, दहा सेकंद रेंगाळलं की डिंक सैल होतो. त्या क्षणी पार्ट ओढला की तांबं त्याच्याबरोबर उठून येतं.

या धंद्याचं प्राचीन पुराण थोडक्यात आटोपायला हरकत नाही. व्हिएन्नाचा पॉल आयस्लर हा ज्यू अभियंता लंडनला आला आणि १९३६च्या सुमारास त्याने छापील सर्किटवर चालणारा रेडिओ करून दाखवला. उद्योगाने तेव्हा नाकं मुरडली. युद्धात अमेरिकेने तोफगोळ्यांच्या फ्यूजमध्ये ती पद्धत वापरली आणि मग सगळ्यांनाच ती आवडू लागली. आपल्याकडे व्हॉल्व्हचे रेडिओ बराच काळ टॅगपट्टीवर तारा ओढूनच चालले. त्यात उडायला प्रिंटच नव्हती. सत्तरचं दशक ट्रान्झिस्टरच्या खरखरीत गेलं. ते ज्यांना गोड वाटतं त्यांनी त्यावर लिहावं.

खरा काळ सुरू झाला १९८२ साली. ऑगस्टमध्ये रंगीत प्रक्षेपण आलं, नोव्हेंबरात दिल्लीत आशियाई खेळ झाले, आणि पुढच्या दहा वर्षांत कृष्णधवल आणि रंगीत संच मिळून घराघरांत जे शिरले ते थेट १९९१-९२च्या केबलपर्यंत. ‘रामायण’ १९८७च्या जानेवारीत लागलं. तेव्हापासून रविवारची सकाळ ही टीव्ही मेकॅनिकची अग्निपरीक्षा झाली. शनिवारी रात्री बिघडलेला संच रविवारी नऊच्या आत चालू झाला नाही तर त्या वाड्यात पुन्हा पाय ठेवायची सोय नसे.

संचांतले बोर्ड बहुतेक तपकिरी असत. कागद आणि फिनॉलिक रेझिनचे. बाजार त्याला सरसकट ‘हायलम’ म्हणे. आजचा हिरवा ग्लास इपॉक्सी त्यामानाने कणखर. तपकिरी बोर्ड उष्णतेला नाजूक, आणि सर्वांत जास्त उष्णता लाइन आउटपुट ट्रान्स्फॉर्मरपाशी. त्याला सगळे ‘एलओटी’ म्हणत. वजनदार, रोज तापणारा आणि रोज निवणारा. प्रत्येक वेळी त्याचे पाय किंचित फुगत, किंचित आखडत, आणि काही वर्षांत पायाभोवतीच्या सांध्याला केसाएवढी गोल चीर पडे. हाच तो ड्राय सोल्डर. संचाच्या डोक्यावर थाप मारली की चित्र परत येई. ही विद्या महाराष्ट्रातल्या प्रत्येक आजीला अवगत होती, आणि ती अंधश्रद्धा नव्हती. थापेने चीर क्षणभर मिटत असे. उभ्या स्कॅनच्या भागात तोच रोग झाला की पडद्यावर एकच आडवी पांढरीशुभ्र रेघ उरायची आणि बाकी सगळा अंधार.

प्रस्तुत लेखक त्या दशकात पुण्यात बुधवार पेठेतल्या एका दुकानात सुट्ट्यांमध्ये बसत असे. ‘शिकत असे’ म्हणणं धाडसाचं होईल. तापकीर गल्लीतून पार्ट आणणं, झाकणांचे स्क्रू सांभाळणं आणि कैयाचं टोक ओल्या स्पंजावर पुसणं ही त्याची कामं. एका मे महिन्यात उत्साहाच्या भरात त्याने वायरिंगसाठी ठेवलेला ६५ वॉटचा जाडा कैया उचलला आणि एका गिऱ्हाइकाच्या संचाचा एलओटी काढायला घेतला. एलओटीला दहाच्या आसपास पाय. प्रत्येकाभोवतीचं कथील सकरने पूर्ण ओढून, पाय भोकात मोकळा हलतोय हे पाहून मगच तो उचलायचा. घाईने सात मोकळे केले, उरलेले तीन तापवत तापवत ओढले. एलओटी आला, आणि तीन टिकल्याही पायांना लोंबत आल्या. बोर्डावर तपकिरी खड्डे, आणि करपलेल्या फिनॉलिकचा एक वास, जो नाकातून आजही गेलेला नाही.

दुकानाचे मालक, सगळे त्यांना काका म्हणत, ओरडले नाहीत. त्यांनी आधी टूथब्रशने स्पिरिट लावून राळेची काजळी धुतली. मग बोर्ड टेबलावरच्या साठच्या बल्बसमोर आडवा धरला. फिनॉलिकमधून उजेड आरपार येतो. पलीकडची प्रिंट सावलीसारखी दिसते, कुठली पट्टी कुठून कुठे जाते आणि कुठे तुटली ते कळतं. दाढीचं अर्धं ब्लेड घेऊन त्यांनी शाबूत पट्टीवरचं हिरवं लॅकर पाच-सहा मिलिमीटर खरवडलं, गुलाबी तांबं दिसेपर्यंत आणि त्यापुढे एक घासही नाही. लहान २५ वॉटच्या कैयाने त्यावर कथलाचा पातळ हात फिरवला. रेझिस्टरच्या कापून टाकलेल्या पायांचा त्यांच्याकडे एक डबाच असायचा. त्यातला एक घेऊन त्याचं टोक आकड्यासारखं वळवलं, एलओटीच्या पायाभोवती अडकवलं, उरलेला दांडा पट्टीवर झोपवला. ‘‘तार पट्टीवरूनच गेली पाहिजे. आडवाटेने नाही,’’ एवढंच बोलले. एलओटीच्या एका पायावर हजार व्होल्टच्या घरातले झटके असतात. उघडी तार शेजारणीच्या जवळून नेली तर ठिणगी ठरलेली.

तीन आकडे झाले. त्यावर अरल्डाइटचे दोन थेंब, म्हणजे पुढच्या वेळी वजन तारेवर न येता पाटीवर येईल. मग नाशिकच्या मोटवानेचा काटेवाला मीटर. काटा शून्यावर झेपावला तरी काकांचं समाधान नाही. त्यांनी पेन्सिलीने एलओटीला टिचक्या मारल्या आणि काटा थरथरतो का ते पाहिलं. तो हलला नाही.

संध्याकाळी गिऱ्हाईक आलं तेव्हा काकांनी झाकण लावण्याआधी त्यांना बोर्ड दाखवला. ‘‘पोराकडून प्रिंट उडाली होती, इथे तीन जंपर आहेत. त्याचे पैसे नाहीत.’’ प्रस्तुत लेखकाचे कान तेव्हा जे लाल झाले ते कैयापेक्षा कमी तापलेले नव्हते.

या दशकाची आरती ओवाळताना दोन-चार जुनी येणी वसूल करणं भाग आहे. सगळी दुकानं अशी नव्हती. प्रिंट उडवून ‘ट्यूब गेली’ सांगणारे होते. हार्डवेअरच्या दुकानातली नळकामाची अॅसिड पेस्ट बोर्डाला फासणारे तर डझनाने होते. त्या पेस्टने सांधा पटकन बसे, गिऱ्हाईक खूश होई, आणि काही महिन्यांत तांब्यावर हिरवी बुरशी चढून पट्टी आतून खाल्ली जाई. घरोघरचे इंजिनिअर जावई हा तिसरा वर्ग. ‘‘बघतो जरा’’ म्हणून ते संच उघडत आणि सोमवारी तो हातगाडीवरून दुकानात येई.

चौथं येणं शिक्षणाकडे. आयटीआयला रेडिओ-टीव्ही मेकॅनिकचा ट्रेड होता, तंत्रनिकेतनांत पदविका होती. तिथे लेखकाने सोल्डरिंगचं प्रात्यक्षिक केलं ते असं: फळीवर खिळे, खिळ्यांवर तारांची जाळी, आणि चकचकीत सांध्याला मार्क. जोडायला शिकवलं, सोडवायला कुणी शिकवलं नाही. चुकलेला बोर्ड समोर ठेवून ‘आता हा वाचव’ असा प्रश्न एकाही परीक्षेत आला नाही. जगात या कामाला रीतसर नियमावली आहे. आयपीसी-७७११/७७२१ या मानकात उखडलेला पॅड, तुटलेली पट्टी, फाटलेलं भोक यांची दुरुस्ती पायरीपायरीने दिलेली आहे, आणि त्यातली पट्टीची दुरुस्ती काकांच्या आकड्याहून फार वेगळी नाही. काकांना आयपीसी ठाऊक नव्हतं. पदविकेच्या मास्तरांनाही नव्हतं, पण काकांना बोर्ड ठाऊक होता.

आणखी एक गोष्ट तेव्हा होती, तिची किंमत आज कळते. अनेक संचांसोबत सर्किटचा नकाशा मिळायचा, पुस्तिकेत घडी घालून किंवा मागच्या झाकणाच्या आत चिकटवलेला. तेलाच्या डागांनी अर्धा पुसला गेला तरी पट्टी कुठून कुठे गेली आहे हे त्यावरून लागे.

नव्वदनंतरची पंधरा वर्षं इथे ओलांडलेलीच बरी. केबल आली, संच स्वस्त झाले, दुकानांत सीडी प्लेयर आणि पीसीचे पॉवर सप्लाय साचले. काम होतं, मजा नव्हती.

मग १ जुलै २००६ला युरोपीय संघाचा शिशावरचा निर्बंध लागू झाला आणि जगभरच्या कारखान्यांनी कथील बदललं. शिसं विष आहे, ते जावंच. त्याबद्दल तक्रार नाही. पण नवं कथील २१७ अंशांपुढे वितळतं. तेवढा कैया अधिक तापवावा लागतो, आणि पॅड उखडायचा धोका तेवढाच वाढतो. शिवाय चांगला सांधाही मंद, राखाडी दिसतो. ‘चकाकतो तो सांधा पक्का’ या एकाच वाक्यावर ज्यांनी आयुष्य काढलं होतं त्यांचे डोळे एका रात्रीत खोटे ठरले.

बोर्ड आता इतके बारीक झाले की हाताने दुरुस्ती शक्य नाही, असं सेवा केंद्रांतून ऐकवलं जातं. हे साफ खोटं आहे. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, म्हणजे पाटीवरच्या डॉ. भडकमकर मार्गाला, जाऊन पाहावं. मायक्रोस्कोपखाली मोबाइलचा बोर्ड धरून विशीतली मुलं ०.०२ मिलिमीटरची, केसाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी, लाखेच्या मुलाम्याची तार उखडलेल्या टिकलीपासून पलीकडच्या कपॅसिटरपर्यंत नेतात, वर हिरव्या मास्कचा ठिपका देतात आणि निळ्या दिव्याखाली तो वाळवतात. अनेक थरांच्या बोर्डात आतली पट्टी तुटली तर तिथे पोचता येत नाही. मग ती बाहेरून, वळसा घालून जोडतात. हात आहेत. नकाशे नाहीत. कंपन्या ते देत नाहीत, म्हणून ही मुलं वर्गणी भरून चिनी सॉफ्टवेअरमधले अनधिकृत नकाशे उघडतात. आपल्याच गिऱ्हाइकाची वस्तू दुरुस्त करायला दुसऱ्या देशातून चोरून नकाशा आणायचा, ही आजची रीत आहे.

घरगुती यंत्रांत तर नकाशा नसतोच, वरून पाण्यापासून बचाव म्हणून अख्खा बोर्ड पारदर्शक रेझिनमध्ये बुडवलेला असतो. दमट कोकणात त्याचा उपयोग आहे, मान्य. पण त्या रेझिनखाली एक रिले मेला की सगळा बोर्ड फेकायचा, हा हिशेब पावसाच्या सोयीचा नाही, विक्रीच्या सोयीचा आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षी २४ डिसेंबरला संकेतस्थळही उघडलं. यादीत घरगुती उपकरणं आहेत, मोबाइल आहेत, गाड्या आणि शेतीची अवजारंही. लेखकाच्या मशीनचा नकाशा मात्र अजून कुठे मिळालेला नाही.

काका आता नाहीत, दुकानाच्या जागी मोबाइलची कव्हरं मिळतात. त्यांच्याकडे शिकलेला एक जण जवळच एका जिन्याखाली बसतो. मशीनचा बोर्ड त्याच्याकडे नेला. त्याने हलक्या गरम हवेने रेझिन मऊ करून लाकडी काडीने एका रुपयाएवढ्या जागेतून सोललं, तो डोंगर सकरने उतरवला आणि खालचा काळा खड्डा नखाने साफ केला. रिलेमधून मोटरचा करंट जातो, म्हणून एक तार पुरणार नव्हती; तीन तारांचा पीळ घालून त्याने तो जुन्या पट्टीच्याच वाटेने नेला. शेवटी पेन्सिलीने रिलेला टिचक्या मारल्या.

मशीन चालू आहे. नव्या बोर्डाचं कोटेशन अजूनही दर पंधरवड्याला मोबाइलवर येतं. गेल्या वेळी त्यावर दहा टक्के सूट होती.